ट्रोव्ह आणि बुश-गाणी: आधी जाहिरातींचं पान उघडा

ट्रोव्हबद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन साठ्याबद्दल, लिहिणारे बहुतेक जण घराण्याचा इतिहास शोधणारे असतात. कुणाचा पणजोबा कुठल्या जहाजाने आला, कुणाचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं, वगैरे. माझा इथे कुणी पणजोबा नाही. मी ट्रोव्ह वापरते ते ऑस्ट्रेलियातल्या जुन्या बुश-गाण्यांतले शब्द कळावेत म्हणून. (बुश म्हणजे शहरांबाहेरचा रानाशेतांचा मुलूख.) त्या कामाला ते कसं आहे, एवढंच इथे लिहिते.

क्वीन्सलंड राज्यातल्या टूवूम्बा शहरात एका एज्ड केअर होममध्ये (वृद्धाश्रमात) मी कार्यक्रमांचं बघते. आठवड्यातून एकदा दुपारी गाणी असतात. इथली बरीच मंडळी आसपासच्या डार्लिंग डाउन्सच्या शेतांवर नाहीतर त्याहून पश्चिमेला मोठ्या स्टेशनांवर वाढलेली. (स्टेशन म्हणजे हजारो मेंढ्यांची किंवा गुरांची जहागीर, मला पहिल्यांदा रेल्वेचंच वाटलं होतं.) कोण सकाळी काय खाल्लं ते विसरतं, पण गाण्याचं सातवं कडवं बिनचूक म्हणतं. पेटीवर मी असते, आणि शब्द न कळता पेटी वाजवणं मला जमत नाही. ठेका कुठे तोडायचा, हसायचं कुठे, हे अर्थावर असतं.

आमच्याकडे गाण्यांची एक छापील पुस्तिका आहे, तिच्या मागे शब्दार्थ दिलेत. 'स्वॅग: गुंडाळी.' 'जंबक: मेंढी.' 'रिंगर: जलद शिअरर.' (शिअरर म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरणारा, शेड म्हणजे त्याची कातरायची जागा.) चूक काहीच नाही. पण रिंगर हरल्यावर एवढा चिडतो का, मालक खुर्ची टाकून शेडमध्ये का बसतो, पोलीस एका मेंढीसाठी घोड्यावरून तिघे तिघे का येतात, यातलं त्या यादीतून काही हाती लागत नाही. ते ट्रोव्हवर लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रोव्ह ही कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ ऑस्ट्रेलियाची ऑनलाइन सेवा. 2009 पासून सुरू आहे. 1803 पासूनची वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलीत, शब्द टाकून शोधता येतात. कॉपीराइटमुळे बहुतेक पेपर 1954 ला थांबतात, पण आपल्या कामाला तेवढे पुरेत. बुश-गाण्यांचा खरा काळ त्याच्या कितीतरी आधीचा. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. 2023 मध्ये पैशाअभावी हे बंद पडतंय की काय अशी बरीच ओरड झाली होती, मग केंद्र सरकारने चार वर्षांसाठी 3.3 कोटी डॉलर दिले. चला, वाचलो.

आता शोधायचं कसं. मी सुरुवात 'रिंगर' पासून केली आणि पहिल्या पानावर सगळे चर्चमध्ये घंटा वाजवणारे आले. त्यांची संमेलनं, त्यांचे सत्कार, एकाचं निधन. 'मटिल्डा' (गाण्यात ती म्हणजे स्वॅगच) टाकलं तर मुलींची नावं आणि जहाजं. 'बिली' म्हणजे चहाचा डबा, पण ट्रोव्हवर आधी बिली नावाचे पुरुष येतात. 'ड्रमर' म्हणजे शेडमधला सर्वांत मागे राहिलेला शिअरर. तो शोधायला गेलात तर लष्करी बँड भेटेल. म्हणून शब्द एकटा टाकायचाच नाही. सोबत त्याच कामाचा दुसरा शब्द द्यायचा: रिंगर आणि शेड, रिंगर आणि टॅली (कातरलेल्या मेंढ्यांचा आकडा). मग बाजूच्या चाळण्या लावायच्या: राज्य क्वीन्सलंड किंवा न्यू साउथ वेल्स, दशक 1880 किंवा 1890. एवढं केलं की घंटावाले जातात आणि शेड उघडते.

तरीही रिंगरचं भांडण मिटलं नाही, कारण ते आमच्या हॉलमध्येच होतं. एक आजोबा जन्मभर गुरांमागे उत्तरेला होते; त्यांच्या मते रिंगर म्हणजे गुरं वळणारा स्टॉकमन, दुसरा अर्थ दक्षिणेकडच्या लोकांनी काढलेला. दुसरे आजोबा शिअरर होते. त्यांच्या मते रिंगर म्हणजे ज्याने शेडमध्ये सर्वांत जास्त मेंढ्या कातरल्या तो, बाकी सगळे थापा मारतात. दोघांचंही बरोबर आहे. क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या गुरांच्या स्टेशनांवर एक अर्थ, लोकरीच्या शेडमध्ये दुसरा. मी दोन्हीकडची छापील कात्रणं मोठ्या अक्षरात काढून दोघांपुढे ठेवली. दोघांनी आपापलं तेवढं वाचलं.

ट्रोव्हवरचं मला सर्वांत आवडलेलं पान बॅकस मार्श एक्सप्रेस या व्हिक्टोरियातल्या छोट्या पेपरचं आहे, 5 डिसेंबर 1891 चं. 'क्लिक गो द शिअर्स' हे गाणं इथे शाळेत शिकवतात, ते सगळ्यांना येतं. त्याचं जुनं रूप या पानावर आहे, 'द बेअर बेल्ड यू' या नावाने. खाली सी. सी., आइन्सबरी एवढीच सही. लोकगीतांचे अभ्यासक मार्क ग्रेगरी यांना ते ट्रोव्हवरच सापडलं. चालही तिथेच सांगितलीय: 'रिंग द बेल, वॉचमन' हे हेन्री क्ले वर्क यांचं अमेरिकेतलं यादवी युद्धाच्या काळातलं गाणं.

शीर्षकातलं 'बेल्ड' वाचून कुणालाही गळ्यात घंटा बांधलेली मेंढी वाटेल. ती पोटाची आहे. पोटावर लोकर नसलेली मेंढी. आणि लिहिलंय 'यू' तरी यमक 'ब्लो'शी जुळतं, म्हणजे म्हणताना ते 'यो' असं म्हणत; आमच्या हॉलमध्ये अजून तसंच म्हणतात. 'ब्लो' म्हणजे इथे ठोसा नाही, कातरीचा एक हात. ध्रुपदात रिंगर एका हाताने हरतो आणि त्या उघड्या पोटाच्या मेंढीवाल्या म्हाताऱ्याला शिव्या देतो.

इथपर्यंत पेपराने आणलं. पुढचं शिअरर आजोबांनी दाखवलं. मी ते कात्रण वाचून दाखवल्यावर त्यांनी खुर्चीतली उशी मागितली, गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "पोरी, हे बघ, पहिलं पोट." हाताने उशीचं पोट मोकळं केलं. मग मागचा पाय, मग गळ्याकडून वर, मग उशी आडवी टाकून शेपटीपासून मानेपर्यंत लांबच लांब एक हात. "हा लाँग ब्लो." मग उरलेली बाजू. उशी जमिनीवर सोडली आणि दुसरी ओढायला हात मागे गेला, तिथे अर्थात काही नव्हतं. पोटाची लोकर आधी काढून वेगळी ठेवतात. मेंढीला पोटावर लोकरच नसेल तर ते सगळं काम वाचतं. म्हाताऱ्याच्या नशिबाने तशी मेंढी हाती आली आणि शेडमधला सर्वांत जलद माणूस एका हाताने मागे पडला. म्हणून तो राग! आता ते ध्रुपद मी थोडं ओढून वाजवते, शिवीच्या जागेवर थांबते, आणि सगळे हसतात.

गाणं यांत्रिक कातरीचं नाही, हातकातरीचं आहे हेही 'क्लिक' वरूनच कळतं. डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर 1888 मध्ये पहिल्यांदा सगळ्या मेंढ्या मशीनवर कातरल्या गेल्या. मशीन घरघरतं, क्लिक करत नाही. हातकातरीचा सर्वांत मोठा आकडा मात्र त्यानंतरचा, 10 ऑक्टोबर 1892 चा. ब्लॅकऑलजवळच्या ॲलिस डाउन्सवर जॅकी हाउने 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कातरल्या. हा हाउ वॉरिककडचा, म्हणजे आमच्या दक्षिणेचा. त्याचं नाव निघालं की हॉलमध्ये छाती फुगते, जणू सगळे त्याचे मामेभाऊ.

तर जाहिराती. ट्रोव्हवर बातमी, जाहिरात, कौटुंबिक सूचना असे वर्ग वेगळे करता येतात. शब्दासाठी लोक बातमी उघडतात. मी जाहिराती आधी उघडते. जाहिरात देणाऱ्याला पैसे मोजावे लागत होते, तो नटवून लिहीत नाही. शिअरर पाहिजेत, अमुक शेड, अमुक तारखेला रोल कॉल. राउजअबाउट (शेडमधले वरकड मजूर) पाहिजेत. मेंढ्या विकणे, गुरांचे कळप विकणे, हरवलेला घोडा, त्याच्या खांद्यावरचा डाग. गाण्यातला प्रत्येक माणूस इथे कामाच्या जागी उभा दिसतो: लोकर उचलणारा पिकर-अप, लोकरीची प्रत लावणारा क्लासर, आणि मेंढीला कापलं की "टार!" म्हणून हाक मारल्यावर डांबराचा डबा घेऊन धावणारा टार-बॉय.

दर कळला की गाणं कळतं. शंभर मेंढ्यांमागे एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग, हा बऱ्याच ठिकाणचा दर होता. 1886 मध्ये काही स्टेशनमालकांनी तो साडेसतरा शिलिंगवर आणायचं ठरवलं आणि त्याच वर्षी बॅलारॅटला शिअररांची युनियन उभी राहिली. दरापेक्षाही जास्त चीड होती ती 'रॅडल' ची. रॅडल म्हणजे लाल गेरू. मेंढी नीट कातरली नाही असं मालकाला वाटलं की तो तिच्यावर गेरूची रेघ ओढी, आणि त्या मेंढीचे पैसे नाहीत. नीट कातरली की नाही हे ठरवणार तोच. त्या काळच्या पेपरांतली शिअररांची पत्रं वाचा, मग गाण्यात खुर्ची टाकून सगळीकडे नजर फिरवणारा 'बॉस ऑफ द बोर्ड' का येतो ते विचारायला नको. बोर्ड म्हणजे कातरायची लाकडी जमीन, हे पुस्तिकेतल्या त्या यादीतही होतं. तिथला बॉस किती महागात पडतो, ते नव्हतं.

इथे एक सावधगिरी. पेपर कुणाचा ते बघून वाचा. 1891 च्या क्वीन्सलंडच्या शिअररांच्या संपातलं एकच दृश्य मी ब्रिस्बेनच्या एका दैनिकात आणि युनियनच्या 'वर्कर' मध्ये शेजारी शेजारी ठेवून वाचलं. दैनिकात ते 'फ्री लेबरर', वर्करमध्ये 'ब्लॅकलेग' आणि 'स्कॅब'. माणसं तीच, संप न पाळता कामावर आलेली, आगगाडीतून उतरलेली. संपाच्या गाण्यांत यातला कुठला शब्द आहे यावरून गाणं कुणाच्या तंबूत जन्मलं ते ओळखता येतं. आमच्या मंडळींना हे फार जवळचं, कारण जॉंडेरियनची जुनी लोकरशेड इथून तासाभराच्या आत आहे. 1890 मध्ये तिथली, बिगर-युनियन शिअररांनी कातरलेली लोकर जहाजावर चढवायला ब्रिस्बेनच्या गोदी कामगारांनी नकार दिला होता. एका आजींच्या घरी या विषयावर जेवताना बोलायला बंदी होती म्हणे, कारण काका एका बाजूचे आणि वडील दुसऱ्या.

'वॉल्ट्झिंग मटिल्डा' बद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कवी बँजो पॅटर्सन 1895 मध्ये क्वीन्सलंडातल्या विंटनजवळच्या डॅगवर्थ स्टेशनवर होता तेव्हाचं हे गाणं. त्याच्या काही महिने आधीचे, सप्टेंबर 1894 चे पेपर उघडा: डॅगवर्थची शेड संपकऱ्यांनी जाळली आणि हॉफमायस्टर नावाचा संपकरी एका पाणवठ्याजवळ मेलेला सापडला. हे वाचल्यावर स्क्वॉटर, म्हणजे बडा जमीनधारक, आणि त्याच्यासोबतचे तीन घोडेस्वार पोलीस गाण्यात सजावटीसाठी आले असं वाटत नाही. आम्ही हे गाणं शेवटी घेतो. ते झालं की पुढचं कोणी गात नाही, सगळे चहाला उठतात.

माझा लाडका शब्दप्रयोग मात्र 'लॅम्बिंग डाउन'. एका गाण्यात माणूस म्हणतो की मला पबवाल्याने लॅम्ब डाउन केलं. यादीत नव्हतं. ट्रोव्हवर टाकलं तर आधी मेंढ्यांच्या विक्रीच्या जाहिराती: इतक्या गाभण मेंढ्या, एप्रिलमध्ये व्यायला आलेल्या. मला वाटलं रस्ता चुकला. मग जाहिराती काढून बातम्या ठेवल्या आणि पत्रं, कोर्टाची वृत्तं दिसायला लागली. शिअररला हंगामाच्या शेवटी सगळी मजुरी एका चेकने मिळे. जवळची बँक कित्येक मैलांवर, जवळचा पब समोर. तो चेक पबवाल्याकडे देऊन म्हणायचं, संपला की सांग. पबवाला पाजत राही, गावातल्या सगळ्यांना याच्या नावावर पाजे, आणि काही दिवसांनी संपला म्हणून सांगे. मग हा माणूस स्वॅग पाठीवर टाकून पुन्हा 'ऑन द वॉलबी', म्हणजे कामाच्या शोधात पायी. गाभण मेंढीला जशी शांतपणे, घाई न करता मोकळी होऊ देतात, तसं त्या माणसाला चेकमधून मोकळं करायचं! हे सांगितल्यावर हॉलमध्ये जो हशा झाला त्यात दोनतीन जणांचे चेहरे ओळखीचे असल्यासारखे होते.

आता जे खटकतं ते. स्कॅनवरून अक्षरं मशीनने वाचलेली आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीची शाई, झिजलेले खिळे, दुमडलेली पानं यांपुढे मशीन काय करणार. सी चं ई होतं, दोन स्तंभ एकमेकांत मिसळतात. त्यामुळे शब्द त्या पानावर असूनही शोधात येत नाही असं होतं. म्हणून 'सापडलं नाही' म्हणजे 'नाही' असं धरायचं नाही. जवळचा दुसरा शब्द टाकून पुन्हा जायचं. लायब्ररीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: मूळ चित्र शेजारी असतं, चुकीची ओळ कोणीही दुरुस्त करावी. आमच्याकडे एक आजी आहेत, तरुणपणी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांना मोठ्या स्क्रीनचा टॅब्लेट दिला. आता त्या रोज दुपारी शेडच्या टॅलींच्या याद्या दुरुस्त करतात आणि मशीनला मूर्ख म्हणतात. त्यांना गाण्यांत काडीचा रस नाही. आकडे चुकलेले बघवत नाहीत, एवढंच.

दुसरं, शब्द मुळात कुठून आला हे पेपर सांगत नाही. बिलाबाँग हा विराजुरी भाषेतला, कूलिबा युवालराय भाषेतला, हम्पी (झोपडी) ब्रिस्बेनच्या आसपासच्या यागरा भाषेतला. हे लिहिणाऱ्या संपादकांना ते शब्द कुणाचे याची पर्वा नव्हती. त्यासाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी बघावी. 1988 ला पहिली आवृत्ती, 2016 ला दुसरी, दोन जाड खंडांत. शब्द पहिल्यांदा कुठे, कधी छापला गेला त्याची उदाहरणं तिथे तारखेसह आहेत. मी ग्रंथालयात जाऊन बघते, आणि तिथली तारीख घेऊन ट्रोव्हवर येते. दोन्ही मिळून काम होतं.

तिसरं, मूळ रहिवाशांबद्दल आणि चिनी लोकांबद्दल त्या पेपरांत जे छापलंय ते वाचून पोटात कालवतं. ट्रोव्ह तशी सूचना देतं, ठीक आहे. पण हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर पान लावायच्या आधी ते स्वतः पूर्ण वाचा, शेजारच्या स्तंभांसकट. गाण्यांचंही तेच. काही कडवी मी वाजवत नाही, कोणी विचारलं तर का ते सांगते.

मोबाइलवर हे काम करू नका. वर्तमानपत्राचा अख्खा पन्ना बोटांनी मोठा-लहान करत त्यातली एक ओळ शोधणं डोळ्यांना झेपत नाही. लॅपटॉप घ्या, दशक 1880 लावा, राज्य निवडा, वर्ग 'जाहिराती', आणि तुमच्या गाण्यातला शब्द त्याच कामाच्या दुसऱ्या एका शब्दासोबत टाका. पाचपैकी साडेचार तारे; अर्धा कापला तो मोबाइलसाठी.